दोघांत सरस कोणता

"मग दोघांत सरस कोणता?"

अप्पांनी विचारलं, तेव्हा निनादने दोन्ही डब्या बाकावर मांडून ठेवल्याच होत्या. एक काळी, एक पांढरी. दोन्हींत प्रोसेसर. दिसायला बिस्किटाएवढी चौकोनी चकती, पण कॉम्प्युटरमधली सगळी आकडेमोड तीच करते.

"काळा," निनाद म्हणाला.

"एवढ्यात?"

"विचार करूनच आलोय, अप्पा."

निनादला प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर द्यायची खोड होती. उत्तर बरोबर असायचं, हीच पंचाईत. चुकला असता तर कुणीतरी कधीतरी कान पिळला असता.

अप्पा तोडकरांची कार्यशाळा बार्शीत, एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मागच्या खोलीत आहे. आधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. अप्पा तेच, बाकही तोच. सकाळी शिकवणी, दुपारून दुरुस्ती. गावातले निम्मे दुरुस्तीवाले त्या बाकावर शिकले, आणि उरलेले निम्मे आपण तिथंच शिकलो असं खोटं सांगतात.

"बोल. ऐकू दे," अप्पा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

"दोघं एकाच कंपनीचे. एकाच बोर्डावर बसतात. किंमतही जवळजवळ सारखी, साध्या माणसाच्या खिशाला झेपणारी. सख्खे भाऊच म्हणा. पण काळ्याच्या आतली साठवण दुप्पट आहे. गेमला लागणारी माहिती त्याला लांबून आणावी लागत नाही, हाताशीच असते. बाकी सगळं तेच ठेवलं तरी काळ्यावर मोठा गेम सलग चालतो. पांढऱ्यावर ऐन मोक्याला अडखळतो."

"तू बघितलंस?"

"दोन्ही बसवून बघितलं. वेगवेगळ्या गेमवर. आलेख काढलेत, दाखवू?"

"आलेख राहू दे. रोजची कामं? बँक, फोटो, मुलांचा अभ्यास, शाळेची पत्रकं?"

"त्यात डावं-उजवं काही नाही. आत कुठला बसवलाय हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही कुणाला."

"मग पांढरा घेतं कोण?"

निनाद हसला. "पांढऱ्याच्या पोटातच चित्र काढायची सोय आहे. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. थेट पडदा जोडला की चित्र दिसतं. साधंच दिसतं, मोठा गेम त्याला ओढवत नाही. पण दिसतं."

"आणि काळ्याला?"

"काळ्याला कार्ड लागतं. एवढंच."

"एवढंच..." अप्पा म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडे हात केला. "पाणी घे. उन्हातून आलायस."

"नको अप्पा. मला काही लागत नाही."

अप्पांचा हात खाली यायला जरा वेळ लागला. गेल्या उन्हाळ्यापासून तो उजवा हात कापत होता. प्रोसेसर बसवताना हात थरथरून चालत नाही. चकतीच्या पोटाखालची एखादी बारीक पिन वाकली की सगळं मुसळ केरात.

उद्या खंडेनवमी होती. त्या दिवशी अप्पांच्या बाकावर हत्यारं मांडून पूजा व्हायची. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, रेडिओच्या काळातला मीटर. ज्याच्या हातून पूजा होईल त्यानं वर्षभर शिकवायचं, अशी रीत अप्पांनीच घातलेली. आजवर पूजा तेच करत आले, त्यामुळं ही रीत आहे हेही लोक विसरून गेले होते. यंदा त्यांनी सांगून टाकलं, उद्या हात माझा नसेल.

मग कुणाचा?

नावं दोनच होती. एक निनाद. दुसरी मालनताई, चाळिशी ओलांडल्यावर आणि मुलीचं लग्न उरकल्यावर शिकायला आलेली. मालनताईला सगळं हळू कळायचं. कळलेलं पुन्हा विचारायची. विचारलेलं वहीत लिहायची आणि वही घरी विसरायची. निनादच्या हिशेबाने नावं दोन नव्हतीच, एकच होतं.

त्यासाठी त्याने पुण्याची नोकरी नाकारली होती. घरी वडील महिनाभर बोलत नव्हते. त्याला हा बाक हवा होता, आणि मनापासून हवा होता. अप्पांच्या जागेवर बसून शिकवायचं, हे स्वप्न तो पहिल्या दिवसापासून बघत आला होता.

"अप्पा," तो म्हणाला. "डब्या निमित्तापुरत्या आहेत, हे मला कळतं. तुम्ही मला आज कशाला बोलावलंत तेही कळतं. स्पष्ट विचारू?"

"विचार."

"उद्या पूजा मी करायची ना?"

अप्पा काळी डबी हातात घेऊन बघत राहिले. हात कापत होता, तशी आतली चकती बारीक खुळखुळत होती.

"साबळे बाईंचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

निनादचा चेहरा उतरला. "ते तुमच्यापर्यंत आलं?"

"बाई आल्या होत्या."

"तक्रार घेऊन?"

"पेढे घेऊन. मशीन चालू झालं म्हणून."

साबळे बाई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांना घरात एकच कॉम्प्युटर हवा होता. दिवसा त्यांची शाळेची कामं, संध्याकाळी अकरावीतल्या मुलीचे गेम. निनादने त्यांना काळा प्रोसेसर बसवून दिला आणि सोबत एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. मुलगी खूश झाली. मग घटक चाचणीचे निकाल भरायच्या आठवड्यात पडदा काळा पडला.

"तुला फोन आला होता ना?"

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. प्रोसेसर ठणठणीत आहे, कार्ड गेलंय. वापरलेलं कार्ड होतं, जाऊ शकतं, तसं आधी बोललोही होतो. दुसरं मिळेपर्यंत थांबा म्हटलं."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, माझे निकाल आत आहेत. मी म्हटलं, आहेत, काही गेलेलं नाही, सगळं आत सुखरूप आहे."

"आणि?"

"आणि त्यांनी फोन ठेवला."

निनादने डब्या उगाच सरळ केल्या.

"मी चुकीचं काय सांगितलं, अप्पा? एक शब्द सांगा."

"एकही नाही."

"मग?"

"मग मालन गेली."

"हो, गेल्या. आणि तिथून मला तीनतीनदा फोन. निनाद, हे खालचं झाकण कुठून उघडतं? निनाद, ही वायर वरच्या भोकात की खालच्या? शेवटी स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून तिकडं बसवून आल्या. त्यातही आधी वायर चुकीच्या ठिकाणी लावली होती." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला सांगतो अप्पा, ताईंबद्दल मला आदर आहे. पण त्या मला विचारल्याशिवाय एक स्क्रू फिरवत नाहीत. त्यांना माझ्याशिवाय चालत नाही."

"आणि तुला?"

"मला काय?"

"तुला कुणाशिवाय चालत नाही?"

निनादने विचार केला. खरंच केला, कारण अप्पांना खोटं सांगायची त्याला सवय नव्हती.

"मला... तसं कुणी लागत नाही," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी झेंडूची पोती उतरवत होतं. उद्या-परवाच्या बाजाराची गडबड गल्लीत सुरू झाली होती. अप्पा उठले. बाकाच्या टोकाला निनादचं स्वतःचं मशीन होतं. त्याच्या एका बाजूला काच बसवलेली, आतले पंखे दिसणारे. त्याने ते एकेक वस्तू जमवून उभं केलं होतं. याच मशीनवर तो प्रोसेसरच्या तुलनेचे व्हिडिओ करायचा. दूरदूरचे लोक ते बघून खरेदी करत आणि खाली त्याला 'सर' म्हणून लिहीत. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेणाऱ्यांसाठी काळ्या-पांढऱ्याची तुलना उद्या टाकतो, असं त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं.

"लाव," अप्पा म्हणाले.

निनादने मशीन सुरू केलं. पडदा उजळला. त्याने गेम उघडला. डोंगरातून धावणारी गाडी, मागे उडणारी धूळ, कोपऱ्यात दर सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा आकडा. आकडा मोठा होता आणि हलत नव्हता.

"बघा. काळा बसवलाय आत. कसा चालतोय."

अप्पांनी बघितलं. खरोखर कौतुकाने बघितलं. "छान रे," ते म्हणाले. "फारच छान. धूळसुद्धा खरी वाटते."

निनादला बरं वाटलं. अप्पा सहसा छान म्हणत नसत.

"आता बंद कर. आणि आतलं कार्ड काढ."

"कार्ड? कशाला?"

"मी काढलं असतं. हात कापतो. मला जमणार नाही, तू काढ."

हे वाक्य अप्पांनी अगदी सहज म्हटलं. ज्या माणसाने याच हाताने अख्ख्या तालुक्याचे रेडिओ बोलते केले, तो मला जमणार नाही म्हणत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीही लाज नव्हती. निनादने मुकाट्याने मशीन बंद केलं, काच सोडवली, कार्ड काढून बाकावर ठेवलं.

"लाव परत."

"लावून उपयोग नाही. चित्र दिसणार नाही."

"लाव की."

त्याने पडद्याची वायर उगाच मागच्या बोर्डाला जोडली आणि बटण दाबलं. पंखे फिरू लागले. आतला दिवा लागला. पडदा काळा राहिला.

अप्पांनी खुर्ची ओढली आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसले. गेम बघायला बसावं तसे, नीट मांडी ठोकून. निनाद शेजारी उभा राहिला.

"प्रोसेसर चालू आहे?" अप्पांनी विचारलं.

"आहे."

"ठणठणीत?"

"...हो."

"मघाचे तुझे आलेख यातच आहेत?"

"आहेत. सगळं आत सुखरूप..."

तो मध्येच थांबला. हेच शब्द त्याने फोनवर म्हटले होते.

"मग दाखव," अप्पा म्हणाले.

निनाद उभाच राहिला. पंख्यांचा आवाज येत होता. काळ्या पडद्यात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि खाली अप्पांची टोपी.

"अप्पा, नाही दाखवता येत."

"का रे? सरस आहे ना?"

"सरस आहे. पण त्याला..."

"त्याला काय?"

"...लागतं."

अप्पांनी मान हलवली. ते उठून पलीकडच्या मशीनपाशी गेले. ते मालनताईचं. जुनी पत्र्याची पेटी, एका कडेला पोचा आलेली. साबळे बाईंना कार्ड काढून दिल्यापासून ते कार्डाविनाच होतं. अप्पांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने पडदा उजळला. नातवाचा फोटो, त्यावर इतस्ततः पसरलेल्या फायली.

"हिच्यात पांढरा आहे," अप्पा म्हणाले.

निनादची कानशिलं तापली.

"कळलं," तो म्हणाला. "मला कळलं, अप्पा. एवढा फेरा घालायची गरज नव्हती. मी काळा, ताई पांढऱ्या. मी हुशार, पण माझा उजेड कुणापर्यंत पोचत नाही. त्या हळू, पण स्वतःच्या बळावर दिसतात. सरळ सांगायचं होतंत, उद्या पूजा मालन करणार." "मी पुणं सोडलं यासाठी. वडिलांशी भांडलो. तुमचा हात कापायला लागला तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. महिनाभर मी रोज लवकर येऊन तुमचे बारीक स्क्रू आधीच सैल करून ठेवत होतो, तुम्हाला कळू नये म्हणून."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

"ते मला कळलं नव्हतं," ते म्हणाले.

"कळू नये म्हणूनच करत होतो."

"हं..." अप्पा म्हणाले. ते परत काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली.

"सकाळी मालन आली होती," ते शेवटी म्हणाले. "याच डब्या तिच्याही पुढ्यात ठेवल्या. विचारलं, मालन, दोघांत सरस कोणता?"

निनाद ताठ झाला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, निनादला विचारून सांगते."

निनादला हसू फुटलं. अगदी नको असताना फुटलं. मग ते हसू कुठंतरी अडलं आणि तो बाकाच्या कडेवर टेकला.

"बस, एवढंच म्हणाल्या?"

"एवढंच. आणि पाणी पिऊन गेली."

अप्पांनी दोन्ही डब्या उचलल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या, मघाशी निनादने मांडल्या होत्या तशाच. थोडा वेळ बघितल्या. मग पांढरी डबी उचलून फळीवर ठेवून दिली. तिच्या रिकाम्या जागी त्यांनी निनादचं ग्राफिक्स कार्ड सरकवलं. हात कापत होता म्हणून कार्ड जरा तिरकं बसलं. बाकावर आता काळी डबी होती आणि तिला चिकटून कार्ड.

निनाद बघत राहिला.

"तुलना चुकली माझी?" त्याने हळूच विचारलं.

"तुझे आकडे बरोबर आहेत."

"मग चुकलं काय?"

गल्लीतून कुणीतरी 'अप्पा, झेंडू ठेवू का' म्हणून विचारलं. अप्पांनी आतूनच 'ठेव' म्हणून सांगितलं.

निनादने काळी डबी बोटाने कार्डाजवळ आणखी सरकवली. तिथं सरकायला जागा उरली नव्हती.

"साबळे बाई आणखी काही बोलल्या?" त्याने विचारलं.

"तुझं कौतुक करत होत्या. म्हणाल्या, पोरगं लई हुशार. एका बैठकीत मशीन उभं केलं, मान वर केली नाही. चहा केला, नको म्हणाला. पाणी आणलं, तेही नको म्हणाला. मी दाराशी तांब्या घेऊन उभी होते, म्हणाल्या, आणि मला कळेना आता काय करावं."

"मी कुठंच घेत नाही, अप्पा. काम लवकर होतं. हात ओले होत नाहीत."

"हं."

"त्यांना राग आला?"

"राग नाही आला. पडदा काळा पडला तो सोमवारी. तुला फोन केला बुधवारी. मी विचारलं, दोन दिवस का थांबलात बाई? निकाल अडले होते तुमचे. तर म्हणाल्या, त्याला विचारायची भीती वाटली."

फोनवरचा बाईंचा आवाज निनादला आठवला. माझे निकाल आत आहेत, असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांदा अगदी हळू. त्या वेळी त्याला वाटलं होतं, बाईंना समजलेलं नाही, म्हणून त्याने तेच उत्तर आणखी सोपं करून सांगितलं होतं.

"ताईंचं कार्ड अजून तिकडंच आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. मालन म्हणते, माझं काय अडत नाही. नातवाचा फोटो दिसतोय की."

निनादने बाकावरचं कार्ड उचललं. उलटंपालटं करून बघितलं. ते घ्यायला त्याने दिवाळीपासून दिवाळीपर्यंत वाट बघितली होती. ते गेलं की त्याचं मशीन आंधळं. उद्याची तुलना नाही, परवाही नाही, ऐन दसऱ्याला लोक विचारत राहणार आणि सर गप्प.

"हे तिकडं बसवतो," तो म्हणाला. "ताईंचं त्यांना परत आणतो."

"तुझं मशीन?"

"बंद राहील." मग त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. ते यायला वेळ लागला. "अप्पा... मालनताईंच्या मशीनवर मला उद्या थोडा वेळ बसू देतील का त्या? लोकांना सांगायला हवं, तुलना जरा उशिरा येईल म्हणून."

"मला काय विचारतोस?"

"नाही... त्यांनाच विचारतो."

त्याने कार्ड पिशवीत गुंडाळलं, खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर टाकला. जाता जाता माठापाशी त्याचं पाऊल अडखळलं, पण तो थांबला नाही. सवय एका दुपारीत कुठली जाते.

दारात त्याने चपला घातल्या आणि वळला. ओसरीवर झेंडूचा ढीग पडला होता. आत बाकावर काळी डबी एकटीच राहिली होती. तिच्या पलीकडे अप्पांनी उद्यासाठी हत्यारं काढून ठेवली होती, आणि सगळ्यांत पुढे तो लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर, ज्याच्यासाठी निनादने पुणं सोडलं होतं.

"अप्पा."

"बोल."

"तुम्ही सांगितलं नाहीत अजून." त्याचा आवाज आता चढलेला नव्हता. "उद्या पूजेला हात कुणाचा?"

अप्पा त्या काळ्या पडद्यासमोरच बसले होते. मशीन अजून चालू होतं, पंखे फिरत होते. त्यांनी वाकून ते बंद केलं. पंखे थांबेपर्यंत ते थांबले.

मग म्हणाले,

"बाईंच्या घरी गेलास की आधी पाणी माग."